बाणाच्या पुढचे दोन आकडे

साताऱ्यात वाढे फाट्यावर चहाला थांबलं की अधूनमधून लष्कराचा ताफा जाताना दिसतो. कधी पुण्याहून बेळगावच्या दिशेनं, कधी उलटा. हिरवे ट्रक, मध्येच एखादी जिप्सी, दोन गाड्यांत ठरावीक अंतर आणि मागे बिघडलेल्या गाडीला ओढून नेणारा दणकट ट्रक. आपण हात करतो, मागे बसलेला एखादा जवान हात करतो आणि आपण पुन्हा चहाकडे वळतो. माझे चुलते मात्र कप खाली ठेवून नंबरप्लेटी वाचत बसतात.

तात्या ईएमईमध्ये व्हेईकल मेकॅनिक होते. लष्कराची झाडून सगळी यंत्रं दुरुस्त करणारं हे दल. गेल्या दिवाळीत माझा मुलगा सोबत होता, तर त्याला म्हणाले, "त्या बाणाफुडचं दोन आकडं वाच." लष्करी गाडीच्या नंबराची सुरुवात वर टोक असलेल्या बाणानं होते. त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात आली ते साल. मग एक अक्षर, मग क्रमांक. पोरगं वाचत सुटलं: 04, 16, 07, 21, परत 04. शेवटी म्हणालं, "आजोबा, यातल्या कितीतरी गाड्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत!" तात्या म्हणाले, "तुझ्या बापाच्या लग्नाआधीच्या बी हायेत."

पोरानं मग साहजिक विचारलं, सरकार सगळ्या नव्या का घेत नाही? त्याला तिथे टपरीवर धड उत्तर देता आलं नाही. नंतर तात्यांकडून बरंच ऐकलं, थोडं वाचलं. ते इथे मांडतो.

आधी गाड्या कुठल्या, ते पाहू. लष्कर ढोबळमानानं तीन गट करतं. रणगाडे आणि चिलखती गाड्या 'ए' गटात. ट्रक, जीप, अँब्युलन्स, पाण्याचे टँकर असल्या बिनचिलखती गाड्या 'बी' गटात. बुलडोझर, जेसीबीसारखी यंत्रं 'सी' गटात. बातम्या रणगाड्यांच्या होतात, पण रेशन, दारूगोळा, डिझेल आणि माणसं वाहतो तो 'बी' गट. रणगाड्याचं डिझेलसुद्धा ट्रकमधूनच येतं. म्हणून या लेखात मी मुख्यतः ट्रक-जीपबद्दलच बोलणार आहे.

दुरुस्तीची रचना समजायला आपली एसटी डोळ्यासमोर आणा. बारीकसारीक काम आगारात, त्याहून मोठं विभागाच्या कार्यशाळेत आणि गाडी मुळापासून उघडायची असेल तर दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा. लष्करातही तसंच. रोजची देखभाल ड्रायव्हरची: निघण्याआधी, वाटेतल्या थांब्यावर आणि परत आल्यावर तपासणी, तेल, पाणी, हवा, नट. पलटणीसोबत ईएमईची छोटी तुकडी असते, तिला एलएडी म्हणतात. क्लचप्लेट, सेल्फ, ब्रेक हे तिचं काम. त्यामागे फील्ड वर्कशॉप, तिथे अख्खं इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलता येतो. आणि सगळ्यात मागे बेस वर्कशॉप, जिथे गाडीचा सांगाडा सोडून सगळं सुटं करून पुन्हा जोडतात. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यात खडकीचं 512 आर्मी बेस वर्कशॉप.

ही रचना एका दिवसात सुचलेली नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश लष्करात दुरुस्तीचं काम वेगवेगळ्या दलांत वाटलेलं होतं. सामानसुमान पुरवणारे थोडं करायचे, वाहतूकवाले थोडं, इंजिनिअर थोडं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गाड्या धडाधड बंद पडू लागल्या तेव्हा हा कारभार परवडेना. मग 1 ऑक्टोबर 1942 ला तिकडे दुरुस्तीचं स्वतंत्र दल उभं राहिलं आणि त्याच धर्तीवर 15 ऑक्टोबर 1943 ला भारतीय सैन्यात. तोच आजही ईएमईचा स्थापनादिन. तात्या त्या दिवशी न चुकता इस्त्रीचा शर्ट घालतात, कुठे जायचं नसलं तरी.

आता मुद्दा वयाचा. आपल्याकडे गाडीचं वय किलोमीटरवर मोजायची सवय आहे. पुणे-सातारा रोज मारणारा ट्रक दोन-तीन वर्षांत लाखांच्या घरात जातो. लष्करातल्या बऱ्याच गाड्यांचं उलटं असतं, त्या चालण्यापेक्षा जास्त काळ उभ्या असतात. वेळ येईल तेव्हा सगळ्या एकदम निघाल्या पाहिजेत म्हणून ठेवलेल्या. आणि उभी गाडी झिजत नाही हा आपला गैरसमज आहे. बॅटरी बसते. रबरी सील वाळतात आणि हलताक्षणी तेल गळायला लागतं. टाकीत पाणी साचतं, डिझेलमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ धरतो. ब्रेक जाम होतात. टायरचा एकच भाग वर्षानुवर्षं जमिनीवर टेकलेला राहिला आणि वर ऊन लागलं की बाजूच्या भिंतीला भेगा पडतात. नक्षी मात्र नव्यासारखी दिसते, त्यामुळे बघणारा फसतो.

2022 मध्ये रशियाचा सुमारे 64 किलोमीटर लांबीचा ताफा कीव्हच्या उत्तरेला अडकून पडला होता, ते आठवत असेल. त्यामागे इंधन, चिखल, वाहतुकीचा खोळंबा, युक्रेनचे हल्ले अशी पुष्कळ कारणं होती. पण त्याच दिवसांत काही महागड्या रशियन गाड्यांच्या फाटलेल्या टायरांचे फोटो फिरले आणि जाणकारांनी बोट ठेवलं ते याच गोष्टीवर: गाड्या बराच काळ हलवल्याच नसाव्यात. कोट्यवधींचं क्षेपणास्त्र वाहणारी गाडी टायरापायी शेतात रुतली.

तात्यांचं म्हणणं, बसून राहिलेला बैल आणि बसून राहिलेली गाडी, दोघांनाही औताला जुंपल्याशिवाय कळत नाही काय बिघडलंय ते. म्हणून उभ्या गाड्याही ठरल्या दिवशी चालू करायच्या, थोड्या फिरवायच्या, टायर दुसऱ्या जागी टेकवायचे, लॉगबुकात नोंद करायची. हे काम इतकं कंटाळवाणं की ते न करता नोंद करायचा मोह होतो. "कागुद बघून कवा गाडी चालू झालीय व्हय?" असं त्यांचे सुभेदार म्हणायचे म्हणे.

शिवाय या गाड्या जातात कुठे, तेही बघा. राजस्थानात एअर फिल्टर वाळूनं भरतो. लडाखमध्ये 5,000 मीटरच्या पुढे हवा समुद्रसपाटीच्या साधारण निम्मी उरते, त्यामुळे साध्या इंजिनाचा दम घाटात निघतो, काळा धूर सोडत ते रांगतं. थंडीत नेहमीच्या डिझेलमध्ये मेणासारखे कण तयार होऊन फिल्टर तुंबतो. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. त्याआधी लडाखचे ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ मारून न्यायचे. खंबाटकीत गाडी तापली तर आपण बोनेट उघडून कडेला थांबतो. तिकडे थांबलं की इंजिन परत चालू होईल याची खात्री नसते.

अशी वापरलेली गाडी किती दिवस ठेवायची? इथे मला आपल्या उसाशिवाय दुसरा दाखला सुचत नाही.

लावणीचा ऊस घेतला की पहिल्या वर्षी खर्च जास्त: नांगरट, सऱ्या, बेणं, सगळंच. तोडणीनंतर बुडखे ठेवले की खोडवा. बेण्याचा खर्च वाचतो, उतारा बरा मिळतो. त्यानंतर निडवा. पुढेही ठेवता येतो, पण दर वर्षी फुटवे विरळ, तूट जास्त, आणि एक वेळ अशी येते की खत-पाण्याचा खर्चही निघत नाही. मग बुडखे काढून रान मोकळं करायचं. ही वेळ कोणती, हे ओळखणाराच खरा शेतकरी. खोडवा लवकर मोडला तर फुकट मिळणारं पीक गेलं, उशिरा मोडला तर पदरचं गेलं.

बेस वर्कशॉपमधला ओव्हरहॉल म्हणजे गाडीचा खोडवा. नव्या गाडीच्या किमतीच्या काही भागात आणखी काही वर्षं मिळतात. पण पहिल्या ओव्हरहॉलनंतर गाडी जितकी टिकते तितकी दुसऱ्यानंतर टिकत नाही. इंजिन नवं झालं तरी चेसिसला थकवा आलेला असतो, वायरिंग कडक झालेलं असतं, पत्रा कुजलेला असतो. मग वर्कशॉपवाले हिशेब मांडतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीच्या ठरावीक प्रमाणापुढे गेला की गाडीवर शेरा पडतो 'बीईआर', म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेलेली. जवानांच्या तोंडी एकच शब्द: कंडम.

यात एक मेख आहे. हा हिशेब सुटे भाग मिळतात असं धरून केलेला असतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल बंद केलं की काही वर्षांनी भागही आटतात. मग शंभर रुपयांच्या सीलसाठी लाखोंची गाडी महिनोन्महिने उभी. ईएमईकडे कारागीर असतात, भागांचा पुरवठा ही ऑर्डनन्स कोअरची जबाबदारी, आणि त्यांनाही बाजारात जे बनतच नाही ते कुठून मिळणार? अशा वेळी उभ्या गाडीचा भाग काढून दुसरीला बसवतात. गॅरेजवाल्यांना हे नवं नाही. आज एक गाडी चालू होते, पण उभ्या गाडीतून एकाचे चार भाग निघून जातात आणि तिला परत उभं करणं दिवसेंदिवस महाग पडतं. 1991 मध्ये सोव्हिएत युनियन फुटल्यावर तिकडून आलेल्या यंत्रसामग्रीच्या भागांची आपल्याकडे जी ओढाताण झाली तिच्यातून देशात भाग बनवायची निकड पुढे आली. पेन्शनर मेकॅनिकांत बसा, एखाद्या भागाऐवजी लेथवर काय काय वळवून घेतलं याच्या गोष्टी संपत नाहीत.

पण माझ्या मते सगळ्यात कळीची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि तीही उसातच दिसते. कृष्णाकाठचा शहाणा शेतकरी सगळ्या रानात एकाच आठवड्यात लावण करत नाही. थोडा आडसाली, थोडा पूर्वहंगामी, थोडा सुरू हंगामाचा. एकदम लावला तर एकदम तोडायला येतो, टोळी मिळत नाही, तुरे फुटतात, वजन घटतं आणि पुढच्या लावणीचा खर्चही एकदम अंगावर येतो.

गाड्यांचंही अगदी असंच. समजायला सोपे आकडे घेऊ. एखाद्या लष्कराकडे 15,000 ट्रक आहेत आणि ट्रकचं आयुष्य 15 वर्षं. मग दर वर्षी 1,000 नवे घ्यायचे, 1,000 मोडीत काढायचे. कुठे गडबड नाही. आता पाच वर्षं पैसा नव्हता, किंवा निविदा रखडली, किंवा कुठला ट्रक घ्यायचा यावर एकमत झालं नाही. ताफ्यात 5,000 ट्रक मुदत उलटलेले, म्हणजे तीनातला एक. हेच जास्त बिघडतात, त्यामुळे वर्कशॉप त्यांनीच भरून जातं आणि चांगल्या गाड्यांची वेळच्या वेळी होणारी देखभाल मागे पडते. मग त्याही लवकर म्हाताऱ्या होतात. शेवटी आरडाओरडा होतो आणि दोन वर्षांत 7,000 ट्रक एकदम घेतले जातात. सगळे खूश. पण पंधरा वर्षांनी हे 7,000 एकदम कंडमला येणार. ताफ्याच्या वयातलं हे उंटाचं वशिंड एकदा तयार झालं की पुढच्या पिढीच्या डोक्यावर ते जसंच्या तसं येऊन आदळतं.

म्हणून 'गाड्या सरासरी किती जुन्या' या प्रश्नापेक्षा 'एका वयाच्या किती' हा प्रश्न जास्त नेमका. माझ्या मुलाच्या वाचनात 04 दोनदा आलं तेव्हा तात्यांनी भुवई वर केली होती, ती त्यासाठी.

आपल्याकडचा इतिहास या अंगानं बघायला मजा येते. जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक 1950 च्या दशकाच्या शेवटापासून 1996 पर्यंत निघत राहिला. सोबत निसानच्या परवान्यावरचा वन टन ट्रक आणि जोंगा ही जीप. 1969 पासून जबलपूरची व्हेईकल फॅक्टरी हेच काम करायची. मग त्यांच्या जागी अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा 2.5 टनी ट्रक आले. एकच ट्रक चाळीस वर्षं बनवत राहण्याला आपण मागासलेपणा म्हणू, आणि शेवटी शेवटी तसा तो होताही. पण मेकॅनिकच्या नजरेनं त्यात सुख होतं. काश्मीरपासून नागालँडपर्यंत एकच इंजिन, एकच हत्यारपेटी, एकच फिल्टर. तात्या म्हणतात, शक्तिमानचा पंप ते अंधारात उतरवायचे.

मारुतीच्या जिप्सीची गोष्ट याहून बोलकी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती लष्करात शिरली. पेट्रोलवर चालणारी, हलकी, चिखलात रुतली तर चार जवान उचलून बाहेर काढणार. पुढच्या काळात अशा हजारो जिप्सी घेतल्या गेल्या. मग लष्कराला 800 किलो वाहणारी, वर टप असलेली, एसी असलेली गाडी हवी झाली. चाचण्या झाल्या वाळवंटात, डोंगरात. टाटा आणि महिंद्रा दोघेही टिकले, किमतीत टाटा खाली आली, आणि 2017 मध्ये 3,192 सफारी स्टॉर्मचा करार झाला. दरम्यान सुरक्षा आणि प्रदूषणाचे नवे नियम येऊन बाजारात जिप्सी बंद पडली. संपलं म्हणावं, तर लष्करानं सवलत मिळवून त्यानंतरही तीन हजारांच्या आसपास जिप्सी घेतल्या. 2023 मध्ये महिंद्राच्या स्कॉर्पिओ क्लासिकच्या दोन मागण्या गेल्या, आधी 1,470 आणि मग 1,850. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. प्रत्येक वेळी निर्णयाला कारण होतं. फक्त भांडारवाल्याच्या जागी बसून बघा. एकाच कामाच्या तीन गाड्या, तीन कंपन्या, तीन प्रकारचे फिल्टर, क्लचप्लेट, ब्रेकपॅड, आणि मेकॅनिकला तीन वेगळी प्रशिक्षणं. त्यात एक पेट्रोलवर, बाकीच्या डिझेलवर. घरात तीन भावांच्या तीन कंपन्यांच्या मोटारसायकली असल्या की पाना सापडत नाही, तसं.

नवी गाडी म्हणजे कमी त्रास, असंही नाही. बीएस-6 या प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल ट्रकांत धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागतं आणि ते उणे 11 अंशांना गोठतं. द्रासच्या हिवाळ्यात उणे 11 म्हणजे बरा दिवस. शिवाय इंजिनावर सेन्सर आणि छोटा संगणक. शक्तिमानला आवाजावरून दुखणं कळायचं, हिला लॅपटॉप जोडावा लागतो. लॅपटॉप आणि त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीचं.

आता पैसा. थोडक्यात सांगतो, कारण तो विषय कोरडा आहे, पण तो सोडला तर चित्र पुरं होत नाही. 2025-26 चं संरक्षण अंदाजपत्रक सुमारे 6.81 लाख कोटी रुपयांचं, त्यातले भांडवली खर्चाला सुमारे 1.80 लाख कोटी. नवी गाडी भांडवली पिशवीतून येते, डिझेल आणि सुटे भाग महसुली पिशवीतून. पगारही महसुली पिशवीतूनच, आणि तो कुणी थांबवत नाही. त्यामुळे हात आखडायची वेळ आली की सुट्या भागांवर गदा येणं सोपं. फिल्टर सहा महिने उशिरा घेतला म्हणून वर्तमानपत्रात बातमी येत नाही. दोन पिशव्या वेगळ्या असल्यानं 'दुरुस्तीचे पैसे वाचतील म्हणून नवी घ्या' हा घरगुती हिशेबही सरळ मांडता येत नाही. निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींपैकी 65 सरकारनं 2017 मध्ये स्वीकारल्या, त्यांत वर्कशॉपांच्या फेररचनेचा विषय होता, तो याच खर्चाच्या धाग्यातून.

बरेच जण विचारतात, सरकारी गाड्या 15 वर्षांनी मोडीत काढायचा नियम आला ना? आला. 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. पण देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरायच्या चिलखती आणि खास बनावटीच्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. वगळणं भागच होतं, कारण रणगाड्याचं गणितच वेगळं. टी-72 आपल्याकडे 1970 च्या दशकाच्या शेवटी यायला लागला. सांगाडा पोलादाचा, तो टिकतो. म्हणून आतलं बदलायचं: दिसायचं यंत्र, रेडिओ, इंजिन. त्याचं मूळ इंजिन 780 अश्वशक्तीचं. 2025 च्या मार्चमध्ये 1,000 अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी रशियाशी सुमारे 248 दशलक्ष डॉलरचा करार झाला. वाडा जुना, पण आतली वायरिंग नवी.

विजेच्या गाड्यांचंही सुरू झालंय. 2022 मध्ये लष्करानं जाहीर केलं की निवडक ठिकाणी चौथा हिस्सा हलक्या गाड्या, 38 टक्के बस आणि 48 टक्के मोटारसायकली विजेवर आणायच्या. शांत छावण्यांत हे सहज जमेल असं वाटतं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "छावणीत ठीक हाय. वर बर्फात चार्जिंगला पिन कुठं खुपसायची?"

कंडम झालेल्या गाडीचा शेवट लिलावात होतो. अंगावरच्या लष्करी खुणा पुसून ती भंगारात जाते, क्वचित नव्या मालकाकडे. डिस्पोजलची जीप हा शब्द आपल्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. आमच्या पलीकडच्या वस्तीवर एक जोंगा कैक वर्षं आंब्याखाली उभी होती. तिची टायरं गेली, मग काचा, मग कोंबड्या बसायला लागल्या. तात्या सुट्टीवर आले की तिच्याजवळ जायचे, बोनेट उघडायचे आणि काही न बोलता बंद करायचे.

त्या दिवशी वाढे फाट्यावर ताफ्यातली शेवटची गाडी, ती ओढून नेणारी, आली तेव्हा पोरानं नंबर वाचला: 98. आधीच्या सगळ्या गाड्यांपेक्षा तीच म्हातारी निघाली. ते हसायला लागलं. तात्या गाडी कराडच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते. "नोझल साफ हायेत," एवढंच म्हणाले आणि गार झालेला चहा प्यायले.